वाचा आणि जाळा

मुलगी देताना माझ्या सासऱ्यांनी मला विचारलं होतं, "काम काय करता?" मी म्हटलं, "वाचनालयात आहे." ते म्हणाले, "ते झालं. पण काम काय करता?" आता निवृत्त होऊन घरी बसलोय, तरी त्यांच्या प्रश्नाचं धड उत्तर मला देता आलेलं नाही. म्हणून या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा' असा धोशा लावला तेव्हा मी त्यांच्यावरच उखडलो. म्हटलं, आम्ही दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळणारी माणसं, आमच्याकडे लिहिण्यासारखं काय असणार? ते हसले आणि चहा पिऊन गेले. मग मी विचार करत बसलो, तर एकच गोष्ट डोळ्यांपुढून हलेना. ती सांगून टाकतो, म्हणजे संपादकही सुटतील आणि मीही.

निपाणीत आमचं वाचनालय तंबाखूच्या वखारीच्या माडीवर होतं. खाली पोत्यांची थप्पी, वर पुस्तकांची. जिना चढतानाच माणूस शिंकायला लागायचा. बाहेरगावचे लोक नाकाला रुमाल लावून विचारायचे, "इथं वाचता तरी कसं?" पण त्या तंबाखूनंच आमची पुस्तकं राखली. दुसऱ्या गावात कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवतात, आम्ही तंबाखूचा चुरा पुरचुंडीत बांधून ठेवायचो. कसर म्हणून जो पुस्तकं खाणारा किडा असतो, तो आमच्या माडीवर कधी टिकला नाही. वाचक मात्र टिकले, कारण निपाणीच्या माणसाचं नाक जन्मापासून तयारच असतं.

वाचकांचे नमुने सांगायला बसलो तर अंक पुरणार नाही. एक वकील पुस्तकातल्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करून परत करायचे आणि वर मलाच दम द्यायचे, की असली पुस्तकं घेता कशाला. एक आजोबा रोज वर्तमानपत्र मोठ्यांदा वाचायचे. त्यांना गप्प बसवलं तर त्यांना काही समजायचंच नाही, म्हणून आम्ही त्यांना गॅलरीत खुर्ची दिली होती आणि खाली रस्त्यावर दहापाच माणसं ऐकायला उभी राहायची. आणि एक होते कलाप्पा हवालदार. पोलीस खात्यात नोकरी, आणि वेड गुप्तहेराच्या कादंबऱ्यांचं. पहिला भाग परत करताना दुसरा हातात पडला नाही तर त्यांचा चेहरा लहान पोरासारखा व्हायचा. या कलाप्पांना लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहेत.

आता कामाचं थोडं सांगतो. पुस्तक आलं की त्यावर तीन शिक्के मारायचे. एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या पानावर, आणि तिसरा आत कुठल्यातरी ठरलेल्या पानावर. ते पान कुठलं हे बाहेर कुणाला सांगायचं नसतं. चोर पहिलं आणि शेवटचं पान फाडतो आणि पुस्तक स्वतःचं म्हणून मिरवतो, तेव्हा आतला शिक्का त्याला धरून देतो. हाताला एकदा सवय लागली की लागली. कागद समोर आला की उजवा हात आपोआप शिक्क्याकडे जायचा. घरी पोराची प्रगतिपुस्तिका बघतानासुद्धा माझा हात तसा वळवळायचा.

वाचनालयाचे चालक होते आप्पा. तंबाखूच्या व्यापारातलं जैन घराणं, घरात कानडी, बाजारात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. पेढीवर मुलं बसायला लागल्यावर आप्पांनी माडी वाचनालयाला दिली आणि स्वतः वर येऊन बसले ते बसलेच. त्यांच्या बस्तीत, म्हणजे जैन देवळात, जुन्या हस्तलिखित पोथ्या होत्या. ज्येष्ठात श्रुतपंचमीला त्या सगळ्या बाहेर काढायच्या, पुसायच्या, नव्या कापडात बांधायच्या आणि पूजा करायची, अशी रीत. आप्पांनी तीच रीत आमच्या माडीवर आणली. ज्येष्ठ लागला की वाचनालय बंद, सगळी कपाटं रिकामी, आणि आप्पा स्वतः खाली बसून एकेक पुस्तक पुसणार. जे बांधलेलं नाही, सुटे कागद आहेत, ते कापडी वेष्टनात गुंडाळून दोरीनं बांधणार. बस्तीतल्या वेष्टनात शास्त्रं असायची. आमच्या वेष्टनात नाटकाच्या जाहिराती, जत्रेची पत्रकं, लग्नपत्रिका, तंबाखूच्या लागवडीची माहितीपत्रकं, मराठी आणि कानडी, सगळं. पण आप्पा दोन्ही सारख्याच भक्तीनं बांधायचे.

कारण आप्पांचा एक नेम होता. आपल्या भागात जे जे छापलं जाईल त्याची एक प्रत माडीवर आली पाहिजे. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, जिथं छापखाना असेल तिथं ते पिशवी घेऊन जायचे. छापखान्यातली माणसं हसायची. मीही एकदा चेष्टेनं म्हटलं, "आप्पा, मयताच्या दहाव्याचं कार्डबी ठेवायचं व्हय?"

आप्पा म्हणाले, "ठेवायचं. छापखानेवाला सरकारला प्रत धाडतोय, कायदाच हाय तसा. सरकार ती कलकत्त्याला न्हेऊन ठेवंल, न्हायतर विलायतेला. पण सरकार त्याच्या मनाला येईल तेवढंच ठेवणार. उद्या आपलं राज्य आलं की देशाचं म्हणून एक ग्रंथालय हुईल. ते इचारंल, तुमच्या निपाणीत काय छापत हुता? तवा काय दाखवणार? तंबाखू?"

मला तेव्हा हसू आलं होतं. आज राष्ट्रीय ग्रंथालय हा शब्द शाळेतली पोरंसुद्धा म्हणतात. आप्पांनी तो माडीवर शिंका देत देत म्हटला होता, आणि त्यांच्या मनात ते ग्रंथालय बांधूनही झालं होतं. त्यातलं निपाणीचं कपाट तेवढं ते भरत होते.

मग बेचाळीसचं साल आलं. पुढारी तुरुंगात गेले, शाळा ओस पडल्या, तारा तुटल्या, आणि एक दिवस परत आलेल्या पुस्तकांच्या पेटीत, एका पुस्तकात घडी घातलेला एक कागद सापडला. मेणकागदावर टोकदार लेखणीनं लिहून आणि वर रूळ फिरवून काढलेलं पत्रक. कुठं काय घडलं, कोण पकडलं गेलं, कुणाच्या घरी मदत पोचवायची, सगळं त्यात होतं. तळाला एक ओळ होती: वाचा आणि जाळा.

मी आधी दार लोटलं, मग पुन्हा अक्षर बघितलं. ते चौगुले मास्तरांचं होतं. निपाणीतल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी पाटीवर बोट धरून अक्षरं शिकवली होती, मलाही. ते अक्षर मी झोपेत ओळखलं असतं.

आप्पांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. मग माझ्याकडे दिलं. "वाचलंस?"

"व्हय."

"मग शिक्का मार."

मी म्हटलं, "आप्पा, ह्यावर शिक्का? आपणच आपलं नाव सरकारला कळवल्यासारखं हुईल की."

"शिक्का न्हाय तर ते वाचनालयाचं न्हाय. कोणबी उचलून न्हेईल," आप्पा म्हणाले. "मार."

मी मारला. सरकारनं बंदी घातलेल्या कागदावर स्वतःच्या संस्थेचा शिक्का मारणारा शहाणा जगात दुसरा कुठं असेल असं मला वाटत नाही. चोर नाही मारणार, क्रांतिकारक नाही मारणार. फक्त वाचनालयातली माणसं मारतील. नोंदवहीत नाव घालायचं नाही, एवढी अक्कल मात्र आम्हाला होती.

त्यानंतर पत्रकं येत राहिली. कधी कादंबरीत, कधी पाकशास्त्राच्या पुस्तकात. कोण ठेवून जातो ते आम्ही कधी बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही. आप्पांनी त्यांचं वेगळं वेष्टन केलं आणि जत्रेच्या पत्रकांच्या मधोमध ठेवलं. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. असल्या पत्रकाच्या पहिल्या प्रती स्वच्छ निघतात, मग मेणकागद झिजतो, शाई पसरते, आणि शेवटच्या प्रती कशाबशा वाचता येतात. गावात फिरायच्या त्या पसरट शाईच्या. आमच्या पेटीत यायची ती पहिली, अगदी सुरेख.

आणि मग मास्तरांना धरलं. पत्रकं काढायचं यंत्र एका गोठ्यात सापडलं, कुणीतरी मास्तरांचं नाव घेतलं, आणि त्यांना बेळगावला नेऊन हिंडलग्याच्या तुरुंगात टाकलं. सगळं गाव गप्प झालं. लोकांनी 'जाळा' हा शब्द इतका मनावर घेतला होता की पोलिसांना पत्रकाची धड प्रत मिळेना. हाती लागल्या त्या शाई पसरलेल्या. त्यावरून अक्षर कुणाचं हे कोर्टात कोण सांगणार? खटला तिथंच अडला होता. स्वच्छ प्रत मिळाली की मास्तर गेले. आणि सगळ्या गावात स्वच्छ प्रती होत्या फक्त आमच्या माडीवर, आमच्या शिक्क्यासकट.

एक दिवस दुपारी कलाप्पा हवालदार आले. गणवेशात होते, आणि हातात अर्धवट वाचलेली कादंबरी. मी म्हटलं, "हवालदार, ही संपली न्हाय अजून तुमची."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्येचा पुढचा भाग आजच द्या. उद्या फौजदारसाहेब हिकडं येणार हायत, सगळी कपाटं खाली काढणार. कुलूप लागलं तर मला पुढलं कसं कळायचं?"

मी पुढचा भाग दिला. त्यांनी तो काखेत मारला आणि जिना उतरले. त्यांनी आम्हाला इशारा दिला की खरंच त्यांना कादंबरीची काळजी होती, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही. मला वाटतं, दोन्ही.

आप्पांना सांगितलं तर ते शांत होते. म्हणाले, "वेष्टन बस्तीत न्हेऊन ठेवू. पोथ्यांत कोण बघतंय." मी दोरी सोडून वेष्टन हातात घेतलं, एवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. मास्तरांच्या बायको आल्या होत्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. वाचनालयात त्या कधी आल्या नव्हत्या, कारण त्यांना अक्षरओळख नव्हती. मास्तरांनी गाव शिकवलं, घर राहून गेलं, असं लोक मागं म्हणायचे.

आक्का दाराशीच उभ्या राहिल्या. जेवलेल्या दिसत नव्हत्या. माझ्या हातातलं वेष्टन बघून म्हणाल्या, "त्येच न्हवं ते? ह्यांनी सांगितलंतं मला, एक वाचनालयात ठेवतो म्हणून."

आप्पांनी त्यांना स्टूल दिलं. त्या बसल्या नाहीत.

"आमच्या घरची झडती झाली, आप्पा. पीठ चाळलं, गाद्या उसवल्या. चुलीपाशी तेवढं मी बुटं घालून येऊ दिलं न्हाय. काय गावलं न्हाय त्यास्नी. आता हिकडं येणार हायत. जाळा ते."

"आक्का, मी बस्तीत ठेवतो," आप्पा म्हणाले. "कुणाला सापडायचं न्हाय."

"आन् सापडलं तर?"

"न्हाय सापडत. पोथ्यांच्या मागं..."

"सापडलं तर, आप्पा?"

खाली वखारीत हमाल पोती टाकत होते, त्याचा आवाज येत होता. माझ्या हातातलं वेष्टन एवढं जड कधी लागलं नव्हतं. मला दोन्हीकडचं पटत होतं आणि त्याचाच मला राग येत होता. ज्या माणसानं जन्मात कागदाचा कपटा फेकला नाही त्याला ही बाई जाळ म्हणत होती, आणि तिचं एका शब्दानंही चुकत नव्हतं.

"माझ्या पोरांचा बाप हाय आत," आक्का म्हणाल्या. "तुमचा कागद हाय."

आप्पांनी वेष्टन माझ्या हातातून घेतलं. आमची बांधणीची एक खोली होती, तिथं पुस्तकं चिकटवायची खळ शिजवायला शेगडी असायची. ती पेटवायला त्यांनी मला सांगितलं. आक्का आत आल्या आणि आता मात्र स्टुलावर बसल्या. "माझ्या डोळ्यांम्होरं जाळा," म्हणाल्या.

आप्पांनी पहिलं पत्रक उलगडलं, चष्मा लावला आणि वाचायला लागले. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग शेगडीत घातलं. दुसरं उलगडलं, तेही वाचायला लागले. माझे कान जिन्याकडे. उद्या म्हटलेला फौजदार आजच आला तर? मी दारात उभा राहून बाहेर बघत होतो आणि मनात आप्पांना शिव्या देत होतो. आक्कांनाही राहवेना.

"वाचायलाच पायजे व्हय, आप्पा?"

"त्यावर तसंच लिहिलंय, आक्का," आप्पा म्हणाले. "आधी वाचा, मग जाळा. वाचल्याबिगर मला जाळता यायचं न्हाय."

सगळी वाचून, सगळी जाळून झाल्यावर आप्पांनी राख पाण्यात कालवली आणि खळीच्या घाण पाण्याबरोबर ओतून दिली. आक्का उठल्या, आप्पांच्या पायांना हात लावला आणि गेल्या. आप्पा रिकामं वेष्टन घडी घालून ठेवत बसले. मी आयुष्यात फार वाईट गोष्टी बघितल्या आहेत असं नाही, पण ती दुपार मला नको वाटते.

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. बेळगावकडून बदलून आलेला, उंच, कडक माणूस. चार शिपाई आणि कलाप्पा बरोबर. त्यांनी कपाटं उघडायला लावली, पुस्तकं जमिनीवर ओतली. तंबाखूच्या पुरचुंड्या फुटल्या आणि माडीभर चुरा उडाला. शिपाई शिंकायला लागले, फौजदार शिंकायला लागले, आणि जितके शिंकले तितके जास्त भडकले. जळलेल्या कागदाचा वास अजून खोलीत आहे असं मला सारखं वाटत होतं.

मग जत्रेच्या पत्रकांचं कपाट. वेष्टनांमागून वेष्टनं सुटली. आणि फौजदारांच्या हाती ते रिकामं वेष्टन आलं. आप्पांनी ते टाकलं नव्हतं. नीट घडी घालून, दोरी बांधून, पुन्हा त्याच जागी ठेवलं होतं. मी कपाळावर हात मारून घ्यायचाच काय तो बाकी होता. दुसरा कुणी असता तर त्यानं ते फडकं कुठंतरी पुसायला वापरलं असतं. पण वाचनालयातल्या माणसाला जागा मोडवत नाही.

फौजदारांनी ते उलटं-सुलटं केलं. "यात काय होतं?"

मला माहीत होतं, आप्पा खोटं बोलत नाहीत. व्यापारात बोलले नाहीत, घरात बोलले नाहीत. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार, तोच आप्पा म्हणाले, "आता काही न्हाय."

"होतं काय ते विचारतोय मी."

"फौजदारसाहेब," आप्पा म्हणाले, "खोटं मी बोलणार न्हाय आणि खरं मी सांगणार न्हाय. तुम्हाला काय करायचं ते करा."

माडीवर कुणी शिंकेनासुद्धा. फौजदारांनी ते वेष्टन जमिनीवर टाकलं. मग कलाप्पांना म्हणाले, "घ्या याला." त्या म्हाताऱ्या माणसाला, ज्याच्या समोरून जाताना बाजार वाकायचा, त्याला दंडाला धरून जिना उतरवायची पाळी कलाप्पांवर आली. कलाप्पांनी दंड धरला नाही. ते पुढे होऊन म्हणाले, "आप्पा, पायरी मोडलीया, जपून." आणि आप्पा त्यांच्यामागून उतरले.

आप्पांना चौकीत बसवून ठेवलं, रोज विचारलं, धमकावलं. ते तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा बोलले. रिकाम्या फडक्यावर कुणाला शिक्षा होत नाही, म्हणून शेवटी सोडलं. वाचनालयाला मात्र कुलूप लागलं आणि ते निघेपर्यंत एक ज्येष्ठ तसाच गेला. आप्पांच्या खोकल्याची सुरुवात त्या चौकीतली.

तिकडे खटला उभा राहिना. पुरावा नाही म्हणून मास्तर हिंडलग्याहून सुटले. गावात ही बातमी आली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, झालं, सगळ्याचं चीज झालं.

मास्तर घरी जाऊन आंघोळ करून थेट माडीवर आले. दाढी पांढरी झालेली, गाल बसलेले. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला उठवून विचारलं, "कुठाय?"

मी आप्पांकडे बघितलं.

"आप्पा, माझं वेष्टन कुठाय?"

"जाळलं, मास्तर," आप्पा म्हणाले.

मास्तर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मी लोकांना सांगितलं होतं जाळा म्हणून. तुम्हाला कधी सांगितलं होतं? पहिली प्रत मी तुमच्यासाठी काढत होतो. हात भरायच्या आधी, शाई बिघडायच्या आधी. आत मला मारलं, आप्पा. मी म्हणायचो, मारा, मी मेलो तरी निपाणीत एका माडीवर सगळं शाबूत आहे. आणि तुम्ही चुलीत घातलंत."

मी तोंड उघडलं. आक्कांचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. आप्पांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी गप्प बसलो. तुरुंगातून आलेल्या माणसाला, तुझ्याच बायकोनं जाळायला लावलं, हे त्यांना सांगायचं नव्हतं. मास्तर उठून गेले आणि त्यानंतर त्यांनी माडीची पायरी चढली नाही. रस्त्यात दिसले तर आप्पांना ओळख देत नसत. आप्पाही तसेच. ते मास्तरांच्या घरावरून जाताना खाली बघून जायचे.

एकदा मी चिडून म्हटलं, "आप्पा, सांगून टाका की. तुम्ही का सोसताय?" ते म्हणाले, "साकु," म्हणजे पुरे, आणि पुस्तक पुसायला लागले.

सत्तेचाळीस उजाडलं. ऑगस्टात गावभर तोरणं लागली. आप्पांनी वाचनालयात आपल्या संग्रहाचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. खोकत खोकत त्यांनी सगळी वेष्टनं सोडली. जुनी पत्रकं, जाहिराती, ज्यांना छापखानेवाले हसत होते ते सगळं काचेच्या पेट्यांत लावलं. आणि मधली एक पेटी त्यांनी रिकामी ठेवली. तिच्यावर मला चिठ्ठी लिहायला सांगितली, 'बेचाळीसची पत्रके'. मी म्हटलं, "रिकामी पेटी कोण बघणार?" ते म्हणाले, "जागा तरी बघतील."

झेंडावंदनाच्या दिवशी सकाळी, अजून गर्दी व्हायची होती, तेव्हा आक्का आल्या. पेट्यांवरून बघत बघत त्या रिकाम्या पेटीपाशी थांबल्या. "हिथं काय लिवलंय?" म्हणून मला विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी पदराखालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आप्पांच्या हातात दिलं.

मास्तरांचं पत्रक होतं. स्वच्छ शाईचं. एका कोपऱ्याला तेलकट डाग पडला होता आणि कागदाला भाकरीच्या पिठाचा वास होता.

"धरायच्या आदल्या दिवशी लिवलेलं," आक्का म्हणाल्या. "मी चिमणी धरून बसलीती. उरलेली जाळाया माझ्याकडं द्यायचे. सगळी जाळली, ह्ये पयलं, हिकडं द्यायचं ऱ्हायलेलं, तेवढं न्हाय जाळलं."

"आणि झडती झाली तवा?" मी विचारलं.

"भाकरीच्या बुट्टीत. तळाला."

मला संताप आला. "आक्का, आम्हाला जाळायला लावलंत, आणि स्वतः घरात..." आप्पांनी हात वर केला. ते पत्रक त्यांनी पेटीत ठेवलं. सवयीनं मी शिक्का उचलला, तर म्हणाले, "थांब. ज्याचं हाय त्यानं दिल्याशिवाय न्हाय."

थोड्या वेळानं माडी भरून गेली. आणि त्या गर्दीत मास्तर आले. इतक्या वर्षांनी, गाव आलं म्हणून आले असतील. मधल्या पेटीपाशी आले आणि खिळल्यासारखे उभे राहिले.

"हे कुठलं?" त्यांनी कुणाकडे न बघता विचारलं.

"मी दिलं," आक्का म्हणाल्या. "आन् आप्पांनी जाळलं ते बी मीच जाळाया लावलं. ते बोलले न्हाईत, म्हणून मी सांगते."

मास्तर आप्पांकडे वळले. आप्पा काचेवरचा डाग पुसत होते. मग ते बायकोला म्हणाले, "आणि हे का ठेवलंस? झडतीत गावलं असतं तर मी सुटलो नसतो."

"धरलं तवा तुमच्या हातचं शेवटचं म्हणून ठिवलं. मग कळलं, त्यावर लिवलंय, वाचा आन् जाळा," आक्का म्हणाल्या. "आप्पा वाचल्याबिगर एक कागद जाळत नव्हते, बघितलंय मी. मला कुठं वाचाया येतंय? वाचल्याबिगर जाळू कसं?"

निम्म्या गावाला अक्षरं शिकवलेला तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. आजूबाजूला त्यांचेच विद्यार्थी होते, मी होतो, कलाप्पा हवालदार होते. आप्पांनी कमरेची किल्ली काढून पेटी उघडली आणि पत्रक मास्तरांपुढे धरलं.

मास्तरांनी ते घेतलं आणि बायकोला वाचून दाखवायला लागले. एकेका शब्दावर बोट ठेवून, पहिलीच्या पोराला दाखवतात तसं. आक्का बोटाकडे बघत ऐकत होत्या. कुठं मोर्चा निघाला, कोण पकडलं, कुणाच्या घरी धान्य पोचवायचं, सगळं ऐकलं. बोट शेवटच्या ओळीवर आलं आणि थांबलं. ती ओळ मास्तरांनी वाचली नाही. त्यांनी पत्रक टेबलावर माझ्यापुढे ठेवलं, हातानं नीट सपाट केलं आणि म्हणाले, "दत्तू, शिक्का मार."